नूरीचा पट्टा आणि आम्ही शहाणे

घोडीचं पोट फाडून पुन्हा शिवलं तर पुढं तिला कसं सांभाळायचं, हे मला कुणी धड सांगितलं नाही. सांगणारे रग्गड होते. सास्तुरात आमच्या गल्लीत मला सल्ला न दिलेला एकही माणूस उरला नसेल, आणि त्यातल्या एकानंही जन्मात पोट शिवलेलं घोडं बघितलेलं नव्हतं. म्हणून हे लिहायला बसलोय. तुमच्या दारात असं जनावर उभं असेल, तर ज्यानं सगळ्या चुका स्वतःच्या हातानं केल्या त्याचं तरी ऐका.

मी एसटीत कंडक्टर आहे. सव्वीस वर्षं लोकांना "पुढं सरका" म्हणतोय, त्यामुळं माणसांविषयी माझं मत फारसं चांगलं नाही. ते इथंही दिसेल, त्याला इलाज नाही.

घोडी ही आमच्या घरची हौस. आजोबांची होती, मग वडिलांची झाली. वडिलांना सगळा गाव आबा म्हणतो. लग्नाआधी नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या दर्शनाला निघतो, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात. परण्यात हलगी कडाडली की घोडीनं पुढचे पाय गुडघ्यात मोडून छातीपर्यंत उचलायचे आणि जागच्या जागी ताल धरायचा. नूरी यात अव्वल. पांढरीशुभ्र, गुलाबी नाकाची, नऊ वर्षांची. तिला नाचताना बघून शहाणीसुरती माणसं रडायची. कशाला रडायची ते त्यांनाच ठाऊक.

तो सोमवार

सोमवारी सकाळी मी ड्युटीवर निघायच्या गडबडीत होतो. नूरी पुढच्या पायानं जमीन उकरत होती आणि मान वळवून सारखी आपल्याच कुशीकडं बघत होती. मग बसली. लोळली. उठली, परत लोळली. अंगावर बादली ओतल्यासारखा घाम.

अर्ध्या तासात दारात गर्दी जमली. एकानं सोडा आणला, एकानं हिंग. एक म्हणाला गोडेतेल पाजा, दुसरा म्हणाला पाजू नका, शेपटीच्या बुडाला चोळा. हा दुसरा टायरचं पंक्चर काढतो. आबा तिच्या मानेला धरून उभे होते.

"नजर लागली तिला," आबा म्हणाले. "परवाच्या परण्यात लई नाचली. लोक कसं बघत हुते, म्या बघितलं न्हवं."

मग मीठमिरच्या ओवाळून पेटवल्या. ठसका घोडीलाच लागला. घोड्याला उलटी होत नाही, पोटात अडकलं की अडकलं, तरी आम्ही तिला धूर देत होतो. मीही त्या गर्दीत होतो, मिरच्यांचा तवा माझ्याच हातात होता, हे नोंदवून ठेवतो.

लोहाऱ्याहून जनावरांचे डॉक्टर मोटरसायकलवर आले. त्यांनी पोटाला कान लावला, हात घालून तपासलं आणि दोन वाक्यं बोलले. "आतडं अडकलंय, ऑपरेशन लागेल. मोठ्या दवाखान्यात आत्ताच्या आत्ता न्या."

गर्दीतला एक जण चक्क हसला. "आवो, घोडीचं ऑपरेशन? मान्सांची व्हायना हितं." त्याचे पानानं लाल झालेले दात मला अजून दिसतात. जनावर मरायला टेकलंय आणि यांना हसू येतंय.

टेम्पोत मागं मी, आबा आणि नूरी. वाटेत ती दोनदा खाली बसली. दुसऱ्या वेळी उठेना. आबा तिच्या मानेवर गाल टेकवून काहीतरी पुटपुटत होते आणि मी खड्डे मोजण्यापलीकडं काही करू शकत नव्हतो. ती मेली तर टेम्पो कुठं थांबवायचा, हा विचार माझ्या डोक्यात येऊन गेला. लाज वाटते, पण आला होता.

मोठा दवाखाना

तिथं एक तिशीच्या आतली बाई पुढं आली. आबांनी तिला ओलांडून मागं बघितलं.

"मोठं डॉक्टर कुठं हायत?"

"मीच करणार आहे ऑपरेशन," ती म्हणाली. "तुम्ही तिचा कासरा धरा."

आबांनी माझ्याकडं बघितलं, मी आबांकडं. आमच्या घरात तीन पिढ्या घोडी आणि ही पोर आम्हाला कासरा धरायला सांगते. आम्हा दोघांनाही तिचा राग आला होता, हे खोटं कशाला सांगू. तीन तासांनी ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक ट्रे होता आणि ट्रेमध्ये नारळाएवढा एक काळपट गोळा.

"काका, हे काय आहे ओळखता का?"

तिनं चिमट्यानं गोळा उकलला. नायलॉनचा दोरा, जरीचे तुकडे, प्लॅस्टिकच्या पाकळ्या. मी लगेच ओळखलं. परण्याला नूरीच्या गळ्यात आम्ही मोगऱ्याच्या खोट्या माळा घालतो. खऱ्या फुलांच्या माळा दुपारपर्यंत सुकतात, फोटोत बऱ्या दिसत नाहीत. मांडवात पंगती उठेपर्यंत नूरी बाहेर खांबाला उभी असायची, चार-चार तास, पाणीसुद्धा कुणी दाखवायचं नाही. त्या वेळात ती माळ चघळायची. आम्ही बघायचो आणि म्हणायचो, "तोंड चाळवतीय."

नजर लागली म्हणणारे आबा त्या ट्रेकडं बघत राहिले. मग म्हणाले, "दोरा बाजारात चांगला मिळत न्हाय आता." या वाक्याचा अर्थ मला आजतागायत लागलेला नाही.

तिथं आम्ही नऊ दिवस काढले. सकाळी ताप, मग सलाईन, मग इंजेक्शन, मग ओंजळभर ओला चारा, त्याहून एक काडी जास्त नाही. आणि वाट बघायची ती लिदीची. आतडं चालू झालं की नाही ते लिदीवर कळतं. तिसऱ्या दिवशी दुपारी नूरीनं शेपूट उचललं आणि आबा उठून उभे राहिले. सुपारीएवढ्या चार गोळ्या पडल्या. आबांनी त्यांच्याकडं बघून हात जोडले, मग गावाकडं फोन लावला आणि पलीकडचा बहिरा असल्यासारखे ओरडले, "लीद झाली! व्हय, लीद! आपल्या नूरीची!" माझ्या पोरीच्या बारावीच्या निकालाला आबांनी एवढा आनंद केला नव्हता. मीही नव्हता केला.

गुडघा

आता पट्ट्याचं सांगतो, कारण हे लिहिण्यात खरं काम तेवढंच आहे.

पोटाच्या मधोमध हातभर लांब टाका असतो. घोड्याचं सगळं आतडं-कोतडं त्या टाक्यावर तोललेलं. म्हणून पोटाखालून पाठीपर्यंत रुंद कापडी पट्टा बांधतात. त्यानं टाक्याला आधार मिळतो, खाली उतरणारी सूज आवरते आणि घाण लागत नाही. पंचेचाळीस दिवस पट्टा, पंचेचाळीस दिवस जागेवर. पळणं नाही, उडी नाही, सकाळ-संध्याकाळ हातात धरून दहा पावलं. पोटाची भिंत आतून उसवली तर पुन्हा शिवायला तिथं काही उरणार नाही, असं डॉक्टरीण बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं.

पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "काका, आज तुम्ही बांधून दाखवा."

मी पुढं झालो. मला काय शिकवणार? जन्मभर तंग कसलेत. खोगिराचा पट्टा, म्हणजे तंग, आवळताना घोडं पोट फुगवतं. मग आपण कुशीत गुडघा दाबायचा, घोडं श्वास सोडतं, तेवढ्यात पट्टा खेचून दोन भोकं पुढं घ्यायचा. घोडेवाल्याच्या पायाला ही सवय असते, डोक्याला विचारावं लागत नाही.

मी पट्टा घेतला, पोटाखालून काढला आणि टाका घालून पाच दिवस झालेल्या पोटात गुडघा दाबला.

"काका, गुडघा!" बाई एवढ्या जोरात ओरडल्या की पलीकडच्या गाळ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

नूरीनं दात चावले, बाकी काही केलं नाही. बाईंनी मला बाजूला केलं आणि वाकून टाका या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासला. मी तसाच उभा, हातात पट्ट्याचं टोक. टाका शाबूत होता. मग त्या उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "हा तंग नाही. हा तिला आवळायला नाही, उचलायला आहे. पट्ट्याखाली तुमचा तळवा सरकला पाहिजे." माझ्यासारखे अनुभवी लोक असेच असतात. यांच्या हातात नाजूक काही देऊ नये.

दुसरा पट्टा

एक पट्टा पुरत नाही. घामानं, मुतानं भिजतो, ओला पट्टा टाक्यावर राहिला की पू झालाच. एक अंगावर, एक दोरीवर, असे दोन लागतात. दवाखान्यानं एक दिला होता, दुसरा शिवून घ्यायचा होता.

खोगीर शिवणाऱ्याकडं गेलो तर तो म्हणाला, त्याला घुंगरं लावून देऊ का, शोभंल. मी उठलो आणि लोहाऱ्याला रज्जाकभाईंकडं गेलो. ते जीपगाड्यांची सीटकव्हरं शिवतात. माझ्या हातातला नमुना त्यांनी उलटासुलटा केला आणि या सगळ्या आजारपणात मला कुणीतरी पहिला उपयोगाचा प्रश्न विचारला.

"टाका कुठं हाय तिचा? त्या जागी माझी शिलाई यायला नको. कडक शिलाई घासंल."

त्यांनी मधला भाग अखंड ठेवला, आतून जुन्या धोतराचा मऊ थर दिला आणि पाठीवर चर्रकन उघडणाऱ्या चिकटपट्ट्या लावल्या. "घोड्यासाठी पैलाच शिवतोय," म्हणाले. "पर पोट ते पोट."

तरीही तीन दिवस आमचा पट्टा टिकेना. नूरी दहा पावलं चालली की तो मागं सरकायचा आणि कंबरेत गोळा व्हायचा. मी आणि आबा दोघं मिळून बांधायचो, वाद घालायचो, पुन्हा बांधायचो. आबांचं म्हणणं घट्ट बांध, माझं म्हणणं डॉक्टरीण बाईंनी सांगितलंय. सुमन, माझी बायको, हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहिली.

"सरका," ती म्हणाली. "बाळंतपणात माझं पोट तुमच्या आईनं चाळीस दिवस बांधलंय. तुमाला त्यातलं काय कळतंय?"

तिनं पट्टा पुढून मागं नेला नाही. दोन्ही हातांनी पोट खालून वर उचललं, तोलून धरलं आणि मग दोन्ही टोकं पाठीवर आणली. छातीवरून साडीच्या जुन्या काठाची एक पट्टी घेऊन ती पट्ट्याला पुढून बांधली, म्हणजे मागं सरकायला नको. पाठीचा कणा बोटांनी चाचपला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वाकळेच्या दोन घड्या ठेवल्या, म्हणजे पट्टा हाडाला टेकायला नको. सगळं मिळून पाच मिनिटं लागली. पट्टा संध्याकाळपर्यंत हलला नाही. आम्ही दोघं घोडेवाले गुपचूप बघत होतो. तुमच्या घोड्याला पट्टा बांधायचा असेल तर घोडेवाल्याला विचारू नका, दोन बाळंतपणं झालेल्या बाईला विचारा.

बघे

आमच्या गावठाणाचे रस्ते भूकंपानंतर आखलेले, सरळ आणि रुंद. नूरीला बांधायचं आमचं खोपाट रस्त्यालाच लागून. त्यामुळं येणाऱ्या-जाणाऱ्याला नूरी दिसायचीच.

"घोडीला सिझर झालं व्हय?" हे निदान चाळीस जणांनी विचारलं, आणि प्रत्येकाला वाटलं की हा विनोद आपल्यालाच सुचला. एकानं पट्ट्याला हात लावून विचारलं की पोट कमी करायचा हाच का तो, त्याच्या बायकोसाठी मागवायचा होता. काही जण पट्ट्याबरोबर फोटो काढून गेले. एकजण चांगला शिकलेला, नोकरदार, तो तिला पेढा भरवायला आला होता. मी हात धरला तर म्हणाला, "देवाचा हाय." मी म्हणालो, देवाला सांगा, पोट शिवलंय. तो रागावून गेला. बरं झालं.

यातल्या कुणीही एकदाही "तिला दुखतंय का?" असं विचारलं नाही.

दुखत होतं. सूज पोटाखाली पखालीसारखी लोंबत होती. बोट दाबलं की खळगा राहायचा. हे ठीक आहे, हळूहळू उतरतं, असं डॉक्टरीण बाई फोनवर सांगायच्या, पण पट्टा रोज उघडून बघावाच लागायचा. सोडायचं, बघायचं, हुंगायचं, पुसायचं, दुसरा बांधायचा. दिवसातून दोनदा. पंधरा दिवसांनी सूज वाटीएवढी राहिली, त्या सकाळी मी आणि सुमननं खोपटातच उभ्याउभ्या चहा घेतला. आमच्यात कितीतरी महिन्यांनी एवढ्या गप्पा झाल्या.

आबांचा शब्द

आबांना मात्र पट्टा बघवत नव्हता. ते घोंगडं आणून तो झाकायचे. "घोडी दारात लंगोट लावल्यावानी हुबी हाय," म्हणायचे. जेवण अर्ध्यावर आलं होतं त्यांचं.

त्यात त्यांनी दिवाळीतच एका बड्या घरच्या परण्याला नूरी आणायचा शब्द दिलेला होता. एकतिसाव्या दिवशी त्या नवरदेवाचा मामा गाडी घेऊन आला. पांढरे कपडे, गॉगल डोक्यावर. नूरीकडं त्यानं सेकंड हँड गाडी बघतात तसं बघितलं.

"कंडक्टर, हिला काय झालंय? हुबी तर हाय की चांगली."

"पोट शिवलंय तिचं. अजून पंधरा दिवस हलायचं नाही."

"मंग पट्टा हाय की. वरून झूल टाकायची, कुनाला दिसतंय?"

मी त्याला समजावलं की न दिसण्याचा प्रश्न नाही, ती नाचली तर टाका आतून उसवंल आणि ती तिथंच रस्त्यात पडंल. तो हसला. "नवरदेव साठ किलोचा बी न्हाय. आन थोडंच नाचवा. मारुतीच्या म्होरं धा मिन्टं."

आबा म्हणाले, "धा मिन्टानं काय व्हतंय रं? शब्द दिलाय म्या."

"आबा, ती मरंल."

"घोडीची जात हाय. नाचली की तिला बरं वाटंल. खोपटात हुबी राहून खंगली ती."

मी बापाला आयुष्यात कधी अरेतुरे केलं नाही, आवाज चढवला नाही. त्या दिवशी मामासमोर म्हणालो, "आबा, तुमचा शब्द तुमी पाळा. तुमीच जा आन त्या पोराला खांद्यावर घिऊन नाचा." मामा गाडीत बसून गेला. आबा आत गेले आणि त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. ताट मी पुढं सरकवलं तर हात लावायचे नाहीत, सुमननं सरकवलं तर जेवायचे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, रुसला होता एका मामासाठी. मला तेव्हा आबांची कीव आली आणि स्वतःचा अभिमान वाटला. घोडीच्या बाजूनं उभा राहणारा या घरात मी एकटा, असं वाटलं.

परण्या

अडतिसाव्या दिवशी ते लग्न होतं. त्यांनी दुसरीकडून घोडी आणली. मारुतीला जायचा रस्ता आमच्या दारावरून. हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. सव्वीस वर्षं मी लोकांना पुढचा थांबा सांगतोय आणि मला हे सुचलं नाही. तिला मागच्या अंगणात बांधायला पाच मिनिटं लागली असती.

सकाळचे अकरा वाजले असतील. कोपऱ्यावर हलगी कडाडली. नूरीनं मान वर केली. कान मागं गेले. आणि तिनं पुढचा उजवा पाय गुडघ्यात मोडून छातीपर्यंत उचलला.

मग डावा. मग उजवा. तालात, एकही ठेका न चुकवता. पट्ट्याखाली पोट हिंदकळत होतं आणि छातीवरची साडीची पट्टी दोरीसारखी ताणली होती.

परण्या दारात थांबला. लोक आमच्या खोपटाकडं वळले. "बघा, बघा! आजारी आसून बी नाचतीय!" "रगतातच हाय तिच्या!" मोबाईल वर झाले. हलगीवाल्यांना चेव आला, ते खोपटाकडं तोंड करून वाजवायला लागले. भाड्याची घोडी बाजूला राहिली, नवरदेवसुद्धा वाकून बघायला लागला. आणि आबा ओट्यावर उभे राहून रडत होते. "म्या म्हनत हुतो न्हवं," ते म्हणत होते, "खुशीनं नाचतीय बघा माझी नूरी."

मी धावलो. तिच्या समोर गेलो, दोन्ही हात वर केले, "हो, हो, बस" म्हणालो. तिचे पाय आणखी वर गेले. मी एक पाऊल पुढं झालो, ते आणखी वर गेले. गुडघे आता छातीवर आपटत होते. मी तिच्या डोळ्यांत बघितलं. ती हलगीकडं बघत नव्हती. लोकांकडं बघत नव्हती. ती माझ्या उजव्या हाताकडं बघत होती. अंगावरचं कातडं थरथरत होतं आणि मांड्यांमधून मुताची धार लागली होती.

ती तीन वर्षांची असताना आम्ही तिला आणली. सहा महिने दोन खुंट्यांच्या मध्ये दोरांनी जखडून उभी करायचो. आबा हलगी वाजवायचे आणि मी समोर छडी घेऊन उभा राहायचो. ठेका पडला की गुडघ्याखाली छडी. पाय उचलला तर थांबायची, उशीर झाला तर पुन्हा. पुढं छडीला मी रंगीत कागद गुंडाळला आणि परण्यात तिच्यापुढं ती फिरवत चालायचो. लोकांना वाटायचं शोभेची काठी आहे. सहा वर्षं मलाही वाटत होतं की ती हलगी ऐकते. तिला हलगी कळवायची ती एवढंच, की आता मी येणार.

माझ्या हातात त्या दिवशी काहीच नव्हतं. पण ते तिला कसं सांगणार?

"मागं व्हा!" सुमन ओरडली. ती कुठून आली ते मला कळलंच नाही. "तुमाला भितीय ती! मागं व्हा, दिसू नका तिला!"

मी मागं झालो. पळत रस्त्यावर आलो आणि पहिल्या हलगीवर दोन्ही पंजे ठेवून ती दाबून धरली. कातडं गरम होतं. हलगीवाला शिव्या द्यायला लागला, मामा धावून आला, कुणीतरी माझी कॉलर धरली. मी हलगी सोडली नाही. बाकीच्या हलग्या एकेक करून थांबल्या. मग मी आमच्याच भिंतीआड जाऊन बसलो, चोरासारखा, नूरीला दिसणार नाही असा. पलीकडून सुमनचा आवाज येत होता, पोरीला झोपवताना यायचा तसा. टाप, टाप. मग उशिरा एक टाप. मग काही नाही.

परण्यातले लोक माझ्यावर हसत पुढं गेले. हसू देत. मी एवढी वर्षं ज्यांना हसत आलो त्यांच्यात आणि माझ्यात फरक एवढाच होता की छडी त्यांच्या हातात नव्हती.

त्यानंतर

लोहाऱ्याचे डॉक्टर तासाभरात आले. मागच्या टोकाला टाक्याचा आतला पदर सुटला होता. मुठीएवढा फुगवटा आला होता. आतडं मात्र आतच होतं. पट्टा त्या वेळी नसता तर आतडं मातीत आलं असतं, असं ते म्हणाले. फोनवर डॉक्टरीण बाई म्हणाल्या, पट्टा आणखी दोन महिने, आणि फुगवटा जन्मभर राहील. पाठीवर ओझं नाही, नाचणं नाही. मी हे सगळं आबांना ओरडून सांगितलं, कारण ते ऐकत नाहीत असं मला वाटत होतं. ते ऐकत होते.

"खुशीनं न्हवती व्हय रं ती?" अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी विचारलं. सात दिवसांनी ते माझ्याशी बोलत होते.

"न्हाय आबा."

"हलगी तर म्याच वाजवत हुतो," ते म्हणाले आणि पांघरूण डोक्यावर घेऊन भिंतीकडं वळले. त्यांना धीर द्यावा असं मला वाटलं नाही. मला कुणी दिला असता तर मीही घेतला नसता.

त्या दिवसापासून मी खोपटात शिरलो की नूरी पाय उचलायला लागली. हलगी नसतानाही. म्हणून पट्टा सुमनच सोडते, सुमनच बांधते. ती पट्टे घालते, मी धुतो. आजारपणात घरातल्या कुणालाही काम वाटून देताना आधी एवढं बघा, की तो माणूस आजाऱ्याला बघवतो का. आम्ही घरातल्यांनी प्रेमानं केलं, एवढ्यावर काही ठरत नाही. नूरीवर माझंही प्रेम होतं, अजून आहे, आणि ते तिच्या काहीही कामाचं नाही.

दोन महिन्यांनी पट्टा कायमचा काढायचा दिवस आला. लोहाऱ्याचे डॉक्टर आले, रज्जाकभाई आपण शिवलेलं काम बघायला मुद्दाम आले, आबा ओट्यावर बसले. सगळे खोपटात गेले. मी भिंतीपलीकडं, धुणं वाळत घालायच्या दगडावर बसून होतो. चिकटपट्टी सुटल्याचा चर्र आवाज आला. मी दगडावरून उठलो.

"सुमन?" मी विचारलं.

"निघाला," ती आतून म्हणाली. "फुगवटा हाय तेवढाच हाय. चारी पाय खाली हायत तिचं. तुमी येऊ नका."

मी गेलो नाही.